मंगळवारचा दवाखाना

सभेचे अध्यक्ष आणि रुग्णालय समितीचे ज्येष्ठ सदस्य माननीय अमृतप्पा, जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून वेळ काढून आलेले माननीय रविकुमार साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती डॉक्टर उमादेवी बाई, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, रुग्णालयातल्या सिस्टर, आशा कार्यकर्त्या, आणि समोर बसलेल्या माझ्या अण्णा-अक्कांनो,

आणि हो, मागे दाराजवळ दाटीवाटीनं बसलेल्यांनो. पुढं एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना तुम्ही तिथं कामून बसलात, हे मला ठाऊक आहे. ओळखीचं कुणी दिसलं की पटकन उठून जाता यावं. मंगळवारच्या दवाखान्यात आपण सगळे तसेच बसतो. बसा तिथंच. माझा आवाज शाळेत कमावलेला आहे, पोचेल तिथवर.

माझं नाव उद्धवराव. आपल्या बिदर जिल्ह्यातच, दुबलगुंडीच्या पलीकडं आमचं गाव. पोट शेतीवर आणि जन्म गेला मास्तरकीत. मराठी शाळेत इतिहास शिकवला. संयोजकांनी सांगितलं, मास्तर, पाच मिनिटं बोला, बाईंचं कौतुक करा आणि बसा. कौतुक करायला मी आलोच आहे. पण खरं सांगतो, गेले काही दिवस माझं चित्त ठिकाणावर नाही. शाल, श्रीफळ, हार, फोटो हे सगळं बघताना डोळ्यांपुढं एक कुलूप येतं. कामून, ते सांगतो.

अशीच एक सभा मी पूर्वी पाहिली आहे. बाईंच्या आधी मनाचे जे डॉक्टर इथं मंगळवारी येत होते, त्यांची बदली झाली तेव्हा आपण असाच निरोप दिला. भाषणं झाली, जेवण झालं, डॉक्टरांचे डोळे भरून आले, आमचेही आले. त्यांचा त्यात काही दोष नव्हता, हुकूम आला, ते गेले. आणि त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो तर दाराला कुलूप. त्याच्या पुढच्या मंगळवारीही कुलूप. कुणी म्हणालं, नवीन माणूस येणार आहे. कुणी म्हणालं, जागा भरायची फाईल बंगळूरला आहे. फाईल बंगळूरला आणि माणसं इथं, हा आपल्या भागाचा जुनाच इतिहास आहे.

इतिहासाचा मास्तर आहे, तेव्हा थोडं मागं जातो. अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडं बघू नये.

निजामाच्या राजवटीत आपल्याकडच्या कुणाचं डोकं फिरलं तर त्याला हैदराबादला न्यायचे. म्हणजे ज्याच्या घरात बैलगाडी आणि धाडस दोन्ही असेल त्याला. बाकीच्यांना गोठ्यातली दावण. माझे आजोबा सांगायचे, तिकडं वेड्याला कैद्यासारखंच ठेवायचे. ब्रिटिश मुलखात तर कायद्याचं नावच वेड्यांचा कायदा होतं, एकोणीसशे बाराचा. त्यात वेड्यापासून इतरांना कसं सांभाळायचं हे नीट लिहिलेलं होतं, त्या वेड्याला कुणी सांभाळायचं हे फारसं नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं, तरी तो कायदा पुढं चाळीस वर्षं जागचा हलला नाही. मग भाषावार प्रांत झाले. हैदराबाद एका राज्यात गेलं, आपण दुसऱ्यात. सीमा एका रात्रीत सरकली, पण दवाखाना काही सीमेबरोबर चालत आला नाही. आता आपल्या सरकारचा मनाचा मोठा दवाखाना धारवाडला, नाहीतर थेट बंगळूरला. नकाशा पाहून सांगा, बिदरच्या माणसाला बंगळूर लांब की काशी.

ब्याऐंशी साली देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला. त्याच दशकात आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात, एक मोठी गोष्ट करून दाखवली गेली. साध्या प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवलं, गोळ्या तिथंच दिल्या, आणि लोक घरी राहून बरे झाले. त्यावरून सगळ्या देशानं जिल्ह्याचा कार्यक्रम उचलला. बळ्ळारी काही परदेशात नाही. तरी तिथून इथं यायला त्या कार्यक्रमाला किती वर्षं लागली, ते समोरच्या म्हाताऱ्यांना विचारा. मधल्या काळात तमिळनाडूत साखळीला बांधलेले मनाचे रोगी आगीत जळून मेले, तेव्हा देश जरा दचकला. दोन हजार सतरा साली नवा कायदा आला. त्यात लिहिलंय, सरकारकडून मनाचा उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. वाचून मला भरून आलं होतं. हल्ली फोनवरसुद्धा सल्ला मिळतो, चांगलं आहे. पण फोनमधून गोळी बाहेर पडत नाही.

हे सगळं मी तुम्हाला पुस्तकातून सांगत नाही. हा इतिहास माझ्या घरातून गेला आहे.

माझ्या पत्नीचं नाव सुमन. आमच्यात बायकोचं नाव चारचौघात घेत नाहीत. पण आज घेतो, तिनं परवानगी दिली आहे. गावानं तिला बरीच वर्षं 'मास्तराची येडी' एवढंच नाव ठेवलं होतं, तेव्हा खरं नाव एकदा माईकवरून ऐकू जाऊ दे.

आमची अंजू दूधपिती असताना सुमनला आवाज ऐकू यायला लागले. भाकरी थापता थापता ती थांबायची आणि कुणालातरी उत्तर द्यायची. झोप गेली. मग विहिरीकडं बघत बसायला लागली आणि माझं शाळेतलं लक्ष उडालं. नातेवाइकांनी काय काय सुचवलं ते सांगत नाही, तुमच्या घरातही तेच सुचवलं गेलं असेल. एकानं तर दुसरं स्थळसुद्धा आणलं. मी म्हणालो, मला टायफॉईड झाला असता तर हिला दुसरा नवरा बघितला असता का? त्यावर तो चहा न पिता गेला.

मी तिला धारवाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, स्किझोफ्रेनिया आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी गुण आला हे मी कधी विसरणार नाही. पण एक अडचण होती. डॉक्टर कन्नडात विचारायचे. सुमनला कन्नड येतं, आपल्या सगळ्यांनाच येतं. पण तिचं कन्नड बाजारातलं. भाव करायला पुरतं, मनात काय चाललंय ते सांगायला पुरत नाही. मग ती माझ्याकडं बघायची आणि मी तिच्या वतीनं बोलायचो. तिच्या डोक्यातलं मी सांगायचो, काय गंमत आहे बघा. आणि दर महिन्याला एवढा प्रवास. दोन महिने जमायचं, तिसऱ्याला पाऊस, परीक्षा, अंजूचा ताप. गोळ्या तुटायच्या आणि आवाज परत यायचे.

म्हणून इथं, आपल्या तालुक्यात, मंगळवारचा दवाखाना सुरू झाला तेव्हा आमच्या घरात सण झाला. सुमन नीट जेवायला लागली, शेजारणीत बसायला लागली. मग त्या डॉक्टरांची बदली झाली, आणि ते कुलूप लागलं.

बाहेर दुकानात त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि चिठ्ठी लिहिणारं कुणी नव्हतं. मी धारवाडला एकदा जाऊन आणल्या, त्याही संपल्या. सुमनची झोप परत गेली. ती परत थांबून थांबून उत्तरं द्यायला लागली. आणि एक दिवस मी शाळेत असताना ती घरातून निघून गेली.

ज्यांच्या घरातलं माणूस असं गेलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आधी विहीर बघितली. मग शेत, मग तळं. माझा चुलतभाऊ जीप घेऊन आला. स्टँडवर एकानं सांगितलं, बाई हैदराबादच्या गाडीत बसल्या. गाडीच्या मागं गेलो. पुढं कळलं, तिची बडबड ऐकून लोक कुरकुरायला लागले म्हणून कंडक्टरनं तिला वाटेतच उतरवलं होतं. मग ती हमरस्त्यानं चालत निघाली.

ती सापडली मन्नाएखेळ्ळीला, जिथं हैदराबादच्या रस्त्यावरून बिदरला फाटा फुटतो. रस्त्याकडेला मल्लव्वा नावाच्या बाईंचं भजी-चहाचं हॉटेल होतं, तिथल्या बाकावर. भोवती दहा-पंधरा माणसं जमून हसत होती. मल्लव्वांनी तिला पाणी पाजलं होतं, पदर नीट करून दिला होता आणि हातात झारा धरून त्या माणसांना हाकलत होत्या. मला बघितल्यावर म्हणाल्या, "तुमच्या हायत का ह्या? सकाळधरनं बिदरची गाडी कुठं लागते म्हणून विचारायल्यात. ही माणसं नुसती हसायलीत, सांगंना कुणी."

माझा भाऊ म्हणाला, "दादा, बसवा जीपमध्ये. इथनं सरळ त्या भूत उतरवणाऱ्या बाबाकडं नेऊ. आता गोळ्याबिळ्याचं नाव काढू नका."

मी सुमनच्या शेजारी बाकावर बसलो. तिचे पाय फुटले होते. विचारलं, "बिदरला कामून गं?"

तिनं पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. म्हणाली, "ह्ये आणायला. इथला डागदर गेला. मोठा दवाखाना बिदरला हाय म्हनं. तुमी शाळंला जायलाव, मग आणनार कोण?"

मंडळी, त्या दिवशी आमच्या गावात, जीपमध्ये, त्या हॉटेलाभोवती सगळे म्हणत होते की बाईचं डोकं गेलं. आणि त्या सगळ्यांत एकट्या तिलाच कळलं होतं की काय करायला पाहिजे. आवाज डोक्यात चालूच होते. त्या आवाजांतून वाट काढत ती औषध आणायला निघाली होती. मी भावाला म्हणालो, तू जीप घेऊन घरी जा, अंजूला बघ. आणि आम्ही दोघं बिदरच्या गाडीत बसलो.

बिदरला ज्या डॉक्टर भेटल्या त्या ह्या, उमादेवी बाई. नुकत्याच रुजू झाल्या होत्या. बसायला धड खोलीसुद्धा मिळाली नव्हती, व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या होत्या. मी सवयीनं बोलायला सुरुवात केली. साहेब, हिला असं होतं, तसं होतं. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. खुर्ची सुमनच्या जवळ ओढली आणि म्हणाल्या, "अक्का, तुमी सांगा. काय व्हायलंय?"

आपल्या भाषेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिलाच विचारलं होतं. सुमन बोलत राहिली आणि मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून ऐकत राहिलो. तिच्या डोक्यात काय काय होतं ते मलाही तेव्हाच कळलं. बोलून झाल्यावर मी म्हटलं, माफ करा बाई, ही न सांगता घरातून निघून आली. तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, अक्का बरोबरच आल्या. आम्हीच जागेवर नव्हतो."

सरकारी खुर्चीवर बसून 'आम्हीच नव्हतो' म्हणणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाई स्वतः रुजू होण्याआधीच्या काळाबद्दल बोलत होत्या, तरी 'आम्ही' म्हणाल्या.

पुढचं तुम्ही जाणता. बाईंनी इथलं कुलूप काढायला लावलं आणि दर मंगळवारी बिदरहून येऊन बसायला लागल्या. आपल्या भागात बदली म्हणजे शिक्षा असं मानणारे पुष्कळ. बाई इथल्याच. त्यांना दोनदा दुसरीकडं जायची संधी आली, त्या गेल्या नाहीत. औषध संपायच्या आत मागवायचं, यासाठी त्या वरच्यांशी किती भांडल्या हे सिस्टर सांगतील. देवस्थानच्या पुजाऱ्यांना जाऊन भेटल्या. म्हणाल्या, तुमचा अंगारा द्या, माझ्या गोळ्या बंद करू नका म्हणजे झालं. पुजारी स्वतःच दोन रोगी घेऊन आले. सुमन आज बचत गटाच्या बैठकीत बोलते. अंजूच्या लग्नात तिनंच सगळी मानपानाची धावपळ केली. आवाज अधूनमधून येतात. ती म्हणते, येऊ देत, मी कामात असते.

एवढं झाल्यावर मी आनंदानं बाईंच्या गळ्यात हार घालून बसायला हवं. पण बसवत नाही. माननीय रविकुमार साहेब, आपण पाहुणे आहात, आणि पाहुण्याला भरसभेत अडचणीत टाकणं हा आमच्याकडं रिवाज नाही. तरी विचारतो. बाई महिनाअखेरीस निवृत्त होतात. त्यानंतरच्या मंगळवारी कोण बसणार?

साहेब मान हलवताहेत. बोला साहेब, माईक देऊ का? ... साहेब म्हणतात, "प्रस्ताव गेला आहे, प्रयत्न चालू आहेत." आभारी आहे. साहेब सज्जन आहेत, खोटं आश्वासन दिलं नाही. पण म्हणजे आजच्या घडीला उत्तर असं आहे, की कुणी नाही.

आता जे सांगतो ते इथं सांगू की नको, यावर दोन दिवस घरात चर्चा झाली. परवा उमादेवी बाई आमच्या घरी आल्या होत्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "मास्तर, काळजी करू नका. माणूस येईपर्यंत मी दर मंगळवारी येत जाईन. पगार नको, काही नको. नुसती खोली उघडी ठेवायला सांगा."

मला काय वाटलं असेल? मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात सुमन आतून आली. म्हणाली, "न्हाई बाई. तुमी येऊ नका."

मी म्हटलं, अगं काय बोलायलीस. बाई म्हणाल्या, "कामून अक्का?"

सुमन म्हणाली, "तुमी फुकट येऊन बसलाव की सरकारचं काम भागलं. मग ते कुणाला धाडनार? तुमचे गुडघे दुखायलेत. चार वर्षं याल, पाच वर्षं याल. त्याच्या म्होरं? माझ्यामागं तर त्या गवळ्याच्या पोरीला गोळ्या लागनार हायत, ती आत्ता इस वर्साची हाय."

बाईंनी सुमनला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "अक्का, पण मधल्या काळात तुमच्या गोळ्या?"

सुमन म्हणाली, "त्याचंच भ्या वाटायलंय. मला न्हाई का वाटत? पर तरी येऊ नका."

मंडळी, मी घाबरलेला माणूस आहे. मी रिकामं पाकीट पाहिलं आहे. मला विचाराल तर मी अजूनही म्हणेन, बाई, या. त्या दिवसापासून मी सुमनशी दोनदा भांडलो. तिला म्हटलं, तुझा जीव पणाला लावून धोरण शिकवायला निघालीस का सरकारला? ती म्हणाली, "तुमीच म्हनता ना, कायद्यात लिवलंय हक्क म्हनून. मग हक्क बाईंच्या गुडघ्यावर कामून टाकता?" याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जेवणाच्या वेळी मला सांगा.

तर ठरलं आहे ते असं. बाईंनी जायच्या आधी प्रत्येकाला जेवढ्या नियमात बसतात तेवढ्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही दवाखान्याच्या दारात बसणार नाही. सुमन, गवळ्यांची ती मुलगी आणि तिची आई, आणखी काही घरं, आम्ही सकाळच्या गाडीनं बिदरला जाणार. जिल्ह्याच्या कचेरीत, साहेब, आपल्याच दारात. दंगा करणार नाही, घोषणा देणार नाही. नावं आणि आजार मोठ्यानं सांगून बसणार आहोत. कारण सगळ्यांत मोठी अडचण तीच आहे. रस्ता नसला की गाव ओरडतं, पाणी नसलं की घागरी घेऊन बसतं. मनाचा डॉक्टर नसला की आपण गप्प घरी जातो, कारण ओरडलं तर कळेल कुणाच्या घरात काय आहे. आपल्या लाजेवर आजवर कितीतरी जागा रिकाम्या राहिल्या. दाराजवळ बसलेल्यांनो, तुम्ही आलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. कुणाची सोयरीक अडायची आहे, कुणाच्या घरात सासू कडक आहे. मी समजू शकतो. पण गाडीत जागा आहे.

बाई, तुमच्यासाठी मी सुंदर भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहिलं. तुम्ही आम्हाला औषध दिलंत हे तर खरंच. पण तुम्ही माझ्या बायकोला आधी विचारलंत, मला नंतर. त्यामुळं झालंय असं, की आता ती कुणालाच आधी विचारत नाही. हा तुमच्या उपचाराचा परिणाम आहे, आणि तो आम्हाला जन्मभर भोगायचा आहे. तुमची निवृत्ती सुखाची जावो. गुडघ्यांना आराम द्या. बसमध्ये बसून मंगळवारी इकडं येण्याची सवय मोडा, असं तुमच्या अक्कांनी बजावलंय.

संयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी ती केव्हाच ओलांडली. निरोपाच्या सभेत गोड बोलावं हा संकेत मोडला, पाहुण्यांना प्रश्न विचारला, सनावळीत काही मागंपुढं झालं असेल तर तेही वयाच्या खाती टाकावं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. चुकलं-माकलं पदरात घ्यावं.

आता बाईंना शाल द्यायची आहे. कार्यक्रमपत्रिकेत ती माझ्या हातून आहे, पण सुमन म्हणाली, मी देईन. ती कधी व्यासपीठावर चढलेली नाही. गोळ्यांमुळं तिचा हात थोडा थरथरतो, आणि पायऱ्या जरा उंच आहेत. ती बघा, उठली. कृपा करून कुणी हात धरायला पुढं येऊ नये. आपण फक्त थांबावं, ती येईल.